सगळी मापे बरोबर असलेला चुकीचा ब्रॅकेट

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीने, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याने, पाठवलेले 40 ब्रॅकेट (शाफ्टला आधार देणारे ओतीव पार्ट) ग्राहकाने जसेच्या तसे परत पाठवले. सोबतच्या पत्रात कारण एकाच ओळीत लिहिले होते: पार्ट फिक्श्चरमध्ये (तो पकडून ठेवणाऱ्या चौकटीत) बसत नाही. फाउंड्रीच्या तपासणी विभागाने परत आलेल्या मालातले पाच नग काढून पुन्हा मोजले. तळपट्टीची लांबी, रुंदी आणि जाडी, बोअरच्या (आरपार भोकाच्या) केंद्राची उंची, बॉसचा (बोअरभोवतीच्या जाड गोल भागाचा) व्यास, सगळे ड्रॉइंगवर दिलेल्या मर्यादेत होते. माल मापात आहे हे फाउंड्रीचे म्हणणे खरे होते आणि माल बसत नाही हे ग्राहकाचे म्हणणेही खरे होते, कारण तो ब्रॅकेट आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा ओतला गेला होता. उजव्या हाताचा हवा होता, डाव्या हाताचा झाला होता.

फाउंड्रीचा मालक माझा जुना विद्यार्थी आहे. अनेक वर्षांपूर्वी मी त्याला अभियांत्रिकी रेखांकन शिकवले होते. परत आलेले ओतीव लोखंड पुन्हा भट्टीत जाते, त्यामुळे धातूचे नुकसान तुलनेने थोडे होते. गेले ते दिवस आणि नव्याने मिळालेल्या ग्राहकाचा विश्वास. तरीही दोष कुणाच्या माथी मारायचा, हा त्याचा प्रश्न नव्हता. "सर, चूक कुठं झाली ते सापडलंय. पण आम्ही पाच-सहा जणांनी तो पार्ट हाताळला आणि एकाच्याही नजरेला ती आली नाही. असं का झालं, ते मला समजून घ्यायचंय," असे तो म्हणाला. त्यासाठी मी तिथे चार वेळा गेलो, पॅटर्न शॉपमध्ये बसलो आणि संबंधितांशी बोललो. हे टिपण त्या सर्वांच्या संमतीने लिहिले आहे. कारखान्याचे, ग्राहकाचे आणि माणसांचे नाव मात्र मुद्दाम दिलेले नाही.

पार्ट आणि पॅटर्न

ब्रॅकेट दिसायला साधा आहे. 180 बाय 110 मिलिमीटरची आणि 16 मिलिमीटर जाडीची तळपट्टी, तिच्या मधोमध उभा राहून उजवीकडे कललेला 14 मिलिमीटर जाडीचा हात, आणि त्या हाताच्या टोकाला 80 मिलिमीटर व्यासाचा गोल बॉस, ज्यातून शाफ्टसाठी आरपार बोअर जातो. बॉसचे केंद्र तळपट्टीच्या मध्यरेषेपासून 65 मिलिमीटर उजवीकडे आहे. बॉस हाताच्या दोन्ही अंगांना बाहेर येतो, पण सारखा नाही. पुढे 36 मिलिमीटर आणि मागे 10. धातू ग्रे आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडाचा एक प्रकार, वजन सुमारे 5 किलो. या वर्णनातले उजवीकडे, पुढे आणि मागे एवढे शब्द झाकून ठेवले, तर उरलेले सगळे वर्णन उलट्या ब्रॅकेटलाही तंतोतंत लागू पडते.

लाकडी पॅटर्न करणारे मेस्त्री साठीच्या घरातले आहेत. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनची कास्टिंगे जोरात होती, त्या काळात ते हा धंदा शिकले. पॅटर्न मेकरच्या कामाची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. जी वस्तू हवी तिच्या आकाराचे लाकूड कापले की काम झाले, असे नाही. पॅटर्न वाळूत दाबला की पोकळी उरते आणि त्या पोकळीत धातू ओतला की वस्तू मिळते. वस्तूला आतून भोक हवे असेल तर त्या भोकाच्या आकाराचा वाळूचा कोअर लागतो आणि तो कोअर बनवण्यासाठी पुन्हा त्याच्या उलट आकाराची पेटी लागते. भरीव आणि पोकळ यांची अशी दुहेरी उलटापालट मेस्त्री दिवसभर डोक्यात करत असतात. शिवाय पॅटर्न वाळूतून सुखरूप वर निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा, साचा कुठे दोन भागांत विभागला जाईल ती रेषा ठरवायची आणि मशीनिंग होणाऱ्या पृष्ठभागावर जादा माल सोडायचा, हेही त्यांनाच पाहायचे असते.

त्यांच्या टेबलावर एक मापपट्टी आहे, जिच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ग्रे आयर्न थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मेस्त्रींच्या या कॉन्ट्रॅक्शन स्केलवर जिथे 100 असा आकडा कोरला आहे, ती खूण प्रत्यक्षात 101 मिलिमीटरवर असते. त्यामुळे त्यांना गुणाकार करावा लागत नाही. ड्रॉइंगवरचे माप पट्टीवर पाहायचे आणि लाकडावर खूण करायची. गुणाकार एकदाच, पट्टी बनवणाऱ्याने करून ठेवला आहे. पाहण्याच्या साधनाने विचाराचा भार कसा उचलावा, याचे याहून चांगले उदाहरण मला कोल्हापुरात दुसरे दाखवता येणार नाही.

ड्रॉइंग हेही असेच साधन आहे. जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी 1987 मध्ये एका निबंधात दाखवून दिले, की आकृती आणि मजकूर यांत माहिती तीच असली तरी आकृतीत एका जागेची सगळी माहिती एकत्र सापडते, त्यामुळे शोधाशोध कमी होते आणि काही निष्कर्ष तर्क न लढवता नुसते दिसतात. मात्र हा लाभ ज्याला आकृती वाचण्याची रीत येते त्यालाच होतो, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. या प्रकरणात नेमकी तीच रीत निसटली.

कापला गेलेला कोपरा

त्रिमितीय वस्तू कागदावर मांडण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या कोनाच्या रीतीत वस्तू जणू भिंतींच्या कोपऱ्यात ठेवलेली असते आणि आपण जिकडून पाहतो त्याच्या पलीकडच्या भिंतीवर तिचे चित्र उमटते. म्हणून डावीकडून पाहिलेले दृश्य कागदावर उजवीकडे येते. तिसऱ्या कोनाच्या रीतीत वस्तू जणू काचेच्या पेटीत असते आणि चित्र आपल्या बाजूच्या काचेवर उमटते. म्हणून उजवीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडेच येते. आपल्याकडे शिक्षणात पहिला कोन शिकवला जातो, तर अमेरिकेत तिसरा कोन रूढ आहे. ड्रॉइंग कोणत्या रीतीचे आहे हे सांगण्यासाठी खालच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये एक लहान चिन्ह असते: छाटलेल्या शंकूचे दोन बाजूंनी काढलेले चित्र.

ग्राहकाचे मूळ ड्रॉइंग तिसऱ्या कोनाचे होते. घाईच्या दिवसांत त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, त्याची प्रिंट काढली गेली आणि त्या प्रिंटमध्ये टायटल ब्लॉकचा कोपरा कापला गेला होता. उरलेल्या कागदावर दोनच दृश्ये होती, समोरचे आणि त्याच्या उजवीकडे बाजूचे. मेस्त्रींनी ते आयुष्यभराच्या सवयीने पहिल्या कोनात वाचले, म्हणजे उजवीकडून पाहिलेले दृश्य त्यांनी डावीकडून पाहिलेले मानले. परिणामी पुढचे मागे गेले. बॉसचा 36 मिलिमीटरचा भाग हाताच्या मागच्या अंगाला आला.

फाउंड्रीच्या अहवालात कारणमीमांसा इथेच थांबते आणि उपाय म्हणून "अपूर्ण ड्रॉइंग स्वीकारू नये" अशी सूचना लिहिली आहे. सूचना योग्यच आहे. मला मात्र ती पुरेशी वाटली नाही, कारण ड्रॉइंग चुकीच्या कोनात वाचले तर बहुतेक वेळा ते स्वतःच तक्रार करते. जो भाग मागे गेला असे आपण मानतो तो तुटक रेषेने दाखवलेला असायला हवा आणि कागदावर तर रेष अखंड असते. मग वाचणारा अडखळतो आणि चूक उमगते. इथे तसे का झाले नाही, हे पाहायला मी ती प्रिंट घरी आणली आणि एक संध्याकाळ एकेक रेष तपासत बसलो. बॉस दोन्ही अंगांना बाहेर येत असल्याने त्याचे वर्तुळ कोणत्याही वाचनात समोरून पूर्ण दिसते. हात तळपट्टीच्या मधोमध आहे, त्यामुळे तीही काही सांगत नाही. बाजूच्या दृश्यात बॉस आणि तळपट्टी वेगवेगळ्या उंचीवर असल्याने कोणीच कुणाला झाकत नाही. दोन्ही वाचनांत कागदावरची एकही रेष खोटी पडत नव्हती. हा कागद दोन वेगळ्या वस्तूंचे एकच चित्र होता.

तपासणीबद्दल फार लिहायला नको. आरशात कुठलेही अंतर बदलत नाही, म्हणून अंतरे मोजून प्रतिबिंब ओळखता येत नाही. पहिल्या नमुन्याचा मोजमाप अहवाल सगळा हिरव्या टिकांनी भरलेला होता आणि तो पाहूनच ग्राहकाने नमुना न मागवता पुढचे नग ओतायला सांगितले. आकड्यांच्या तक्त्यात वस्तूचा उजवे-डावेपणा मावत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे.

डोळ्यांपुढे उभा असलेला पार्ट

दुसऱ्या भेटीत मी मेस्त्रींसमोर तीच प्रिंट ठेवली आणि डोळे मिटून पार्टचे वर्णन करायला सांगितले. त्यांनी ते ज्या सहजतेने केले ते ऐकून मी थक्क झालो. ते त्या पार्टभोवती जणू चालत होते. हात तळपट्टीला मिळतो तिथे आतला कोपरा गोल केला नाही तर तडा जाईल, बॉस जाड असल्याने शेवटी थंड होईल आणि तिथे रायझर (वितळलेल्या धातूचा जादा साठा) दिला नाही तर पोकळी राहील, पॅटर्न वाळूतून काढताना कोणती कड ढासळेल, हे सगळे ते बोट हवेत फिरवत जागा दाखवून सांगत होते. "पार्ट डोळ्यापुढं उभा राहिल्याशिवाय मी लाकडाला हात लावत न्हाई, सर. ह्यो तर कागद बघितल्या बघितल्या उभा राहिला," असे ते म्हणाले. संगणकावरच्या कोणत्याही आकृतीत नसलेली माहिती त्या मनातल्या चित्रात होती: वाळूचा स्वभाव, लोखंडाची वाट, उष्णता कुठे अडेल त्याचा अंदाज.

मग मी विचारले, "मेस्त्री, हाच पार्ट आरशात धरला तर कसा दिसेल?" ते थांबले. उजवा हात मनगटातून वळवू लागले, मग डावा हात पुढे केला, पुन्हा थांबले. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "ते काय नीट येईना."

हे येणे अवघड असते, आणि किती अवघड असते हे मोजलेलेही आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये घन ठोकळे जोडून केलेल्या आकृत्यांच्या जोड्या लोकांना दाखवल्या आणि प्रत्येक जोडीबाबत विचारले, की ही एकच वस्तू वळवून ठेवली आहे की एक दुसरीचे प्रतिबिंब आहे. दोन चित्रांमधला कोन जसजसा वाढला तसतसा उत्तराला लागणारा वेळ सरळ रेषेत वाढत गेला. वळवलेलेच नसेल तर सुमारे एक सेकंद आणि 180 अंश वळवलेले असेल तर चार सेकंदांहून अधिक. माणसे मनातली वस्तू खरोखर फिरवून पाहत असावीत, असा याचा अर्थ लावला गेला. मनातले चित्र हे खरोखर चित्रासारखे असते की नाही, यावर पुढे स्टीफन कॉसलिन आणि झेनॉन पिलिशिन यांच्यात दीर्घ वाद झाला आणि त्यात मी इथे शिरत नाही. आपल्यापुरता मुद्दा असा, की त्या प्रयोगात माणसांना वस्तू आणि तिचे प्रतिबिंब हे दोन पर्याय समोर ठेवून निवड करायला सांगितली होती, तरीही एवढा वेळ लागत होता. मेस्त्रींसमोर दुसरा पर्याय नव्हताच. आपण निवड करत आहोत हेच त्यांना माहीत नव्हते.

इथे मला 1985 मधला एक प्रयोग आठवला, जो माझ्या मते या प्रकरणाच्या मुळाशी जातो. डेबोरा चेंबर्स आणि डॅनियल रायसबर्ग यांनी लोकांना ते सुप्रसिद्ध चित्र थोडा वेळ दाखवले, जे एका नजरेने बदक दिसते आणि दुसऱ्या नजरेने ससा. चित्र काढून घेतल्यावर त्यांना ते मनात आणून दुसरा प्राणी शोधायला सांगितले. एकालाही ते जमले नाही. मग त्यांना मनातले चित्र कागदावर काढायला सांगितले आणि स्वतःच काढलेल्या त्या चित्रात त्यांना दुसरा प्राणी दिसला. पुढच्या संशोधकांनी दाखवले, की योग्य सूचना दिल्या तर काही जणांना मनातल्या मनातही ते जमते; म्हणजे ही भिंत अभेद्य नाही. पण भिंत आहे. मनातले चित्र आपला अर्थ बरोबर घेऊनच जन्माला येते. मेस्त्रींच्या डोळ्यांपुढे तो पार्ट उभा राहिला तेव्हा त्याची पुढची बाजू ठरलेली होती, आणि ते चित्र जितके स्पष्ट होते तितके त्याला प्रश्न विचारण्याचे कारण कमी होते.

पुढच्या भेटीला जाताना मी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून शाडूचा एक गोळा घेऊन गेलो आणि मेस्त्रींना तो पार्ट मनात आला तसाच करायला सांगितले. दहा-बारा मिनिटांत त्यांनी मुठीएवढा ब्रॅकेट केला. बोअर पेन्सिलीने आरपार पाडला. मी तो प्रिंटवर ठेवला आणि एवढेच म्हणालो, की हा हातात घेऊन जरा चारी बाजूंनी फिरवून बघा. त्यांनी समोरून पाहिला, कागदाशी ताडला, जुळला. डावीकडून पाहिला, जुळला. मग उगीच म्हणून उजवीकडून पाहिला. बॉसचा लांब भाग आता त्यांच्या उजव्या हाताला होता आणि कागदावरच्या बाजूच्या दृश्यात तो डाव्या हाताला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागदावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "आणि हे चित्रच उजवीकडनं काढलेलं असलं तर?"

चूक काय झाली हे त्यांना एव्हाना माहीत होते. तिसऱ्या कोनाबद्दल त्यांना कार्यालयातून सांगण्यात आले होते. तरी ते ऐकून समजणे आणि हातातल्या मातीत ते दिसणे यांत फरक होता आणि तो फरक त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. शाडूच्या ब्रॅकेटने बरोबर उत्तर दिले नाही, देऊ शकतही नव्हता, कारण कापलेल्या कोपऱ्यातली माहिती मातीत कुठून येणार? मातीने एवढेच केले, की दुसरे वाचन शक्य आहे हे दाखवले. वळवण्याचे कष्ट मनावरून हातावर गेले आणि नजर पाहायला मोकळी झाली. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी 1994 मध्ये टेट्रिस हा पडते ठोकळे जुळवण्याचा संगणकीय खेळ खेळणाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळले, की सराईत खेळाडू ठोकळा मनात फिरवत बसण्याऐवजी बटण दाबून पडद्यावरच फिरवून पाहतात, कारण ते अधिक झटपट होते. मेस्त्रींनी तेच केले.

पडद्यावरचा पार्ट

इतके वाचल्यावर कुणीही विचारेल, की या फाउंड्रीत संगणकावर त्रिमितीय मॉडेल केले जात नव्हते का. केले जात होते आणि या ब्रॅकेटचेही केले होते. करड्या रंगाचा, छाया पडलेला, माउसने हवा तसा फिरणारा तो ब्रॅकेट मालकाने पाहिला होता, मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या विभागाच्या, सुपरवायझरने पाहिला होता, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तोही उलटा होता.

याचे कारण मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते मॉडेल ड्रॉइंगवरून स्वतंत्रपणे तयार झालेले नव्हते. मेस्त्रींनी फाउंड्रीत संगणकावर ड्रॉइंग करणाऱ्या तरुण ड्राफ्ट्समन मुलाला पार्ट समजावून सांगितला आणि त्याने ते समजावणे पडद्यावर उतरवले. म्हणजे पडद्यावर दिसत होते ते ड्रॉइंग नव्हते, ते मेस्त्रींचे मन होते. पाहणाऱ्यांनी पडदा मेस्त्रींच्या सांगण्याशी ताडला, ते जुळले, आणि जुळणारच होते. दृश्य रूप दिले की विचार तपासला जातो, अशी आपली सहज समजूत असते. इथे त्या देखण्या चित्राने शंका दूर केली नाही, शंकेची जागाच भरून टाकली. शाडूचा ओबडधोबड ब्रॅकेट उपयोगी पडला तो माती पडद्याहून श्रेष्ठ म्हणून नव्हे. तो कागदावर ठेवून पुन्हा कागदाशीच ताडला गेला, म्हणून उपयोगी पडला.

ड्राफ्ट्समन मुलगा आयटीआय झालेला आहे, वय 23. त्याच्याशी बोलताना मी सवयीने विचारले, की ड्रॉइंग पाहिल्यावर तुला पार्ट कसा दिसतो. तो जरा संकोचला. "सर, मला दिसत नाही. म्हणजे कळतं, पण डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. मेस्त्रीकाका म्हणतात तसं चित्र मला कधीच आलं नाही." अशी माणसे असतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात आणायला सांगितले तेव्हा काहींना लख्ख दिसले आणि काहींना मुळीच नाही. अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये या अवस्थेला अफॅन्टेझिया असे नाव दिले. मनात चित्र न येणारी माणसे अवकाशाबद्दलचा विचार करू शकत नाहीत, असे मुळीच नाही. हा मुलगा रोज तेच काम करतो. त्याची रीत वेगळी आहे. तो दृश्यांवरची मापे वहीत उतरवतो, प्रत्येक मापापुढे ते कोणत्या दिशेचे आहे ते लिहितो आणि मगच पडद्यावर एकेक भाग उभा करतो. मेस्त्रींचे चित्र डोळ्यांमागे असते, त्याचे पडद्यावर घडते.

त्याची ती वही मी मागून घेतली. या ब्रॅकेटच्या पानावर मापांची यादी आहे. बॉसच्या ओळीत 36 आणि 10 असे आकडे आहेत आणि त्यांच्यापुढे पेन्सिलीने लिहिले आहे: "साइड व्ह्यू डावा की उजवा? मेस्त्रीकाकांना विचारणे." त्याखाली वेगळ्या दिवशी, पेनाने: "डावा."

फोटो आल्यापासून माल जाईपर्यंतच्या सगळ्या साखळीत योग्य शंका घेतली गेल्याची हीच एक नोंद आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे आपोआप काही उभे राहत नाही, त्याला बाजू ठरवल्याशिवाय पुढे जाता आले नाही, म्हणून त्याने विचारले. ज्यांच्या डोळ्यांपुढे सगळे उभे होते त्यांनी तत्क्षणी उत्तर दिले. मी ते पान मेस्त्रींना दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यानं इचारलं होतं, खरं हाय. म्या बघून सांगितलं, पण कागदात न्हाई, माझ्या डोळ्यापुढं बघून सांगितलं." हे वाक्य मी शब्दशः इथे देतो आहे, कारण माझ्या सगळ्या विश्लेषणापेक्षा ते अचूक आहे.

काय बदलले

टायटल ब्लॉक नसलेले ड्रॉइंग आता घेतले जात नाही. प्रत्येक नव्या ड्रॉइंगवर कोनाची रीत सांगणाऱ्या त्या शंकूच्या चिन्हाभोवती लाल गोल केला जातो आणि बाजूच्या दृश्याखाली "उजवीकडून" किंवा "डावीकडून" असे मराठीत लिहिले जाते. ही लहान गोष्ट आहे, पण तिचा फायदा मोल्डिंगच्या माणसांनाही झाला, कारण दृश्य कोणत्या बाजूचे आहे हे आता कुणालाच डोक्यात धरून ठेवावे लागत नाही.

दुसरा बदल शाडूचा आहे आणि तो रुळायला वेळ लागला. ठरले असे, की नव्या पार्टचे दोन नमुने दोघांनी वेगवेगळे करायचे, मेस्त्रींनी एक आणि ड्राफ्ट्समन मुलाने एक, आणि मग ते शेजारी ठेवायचे. दोन तळहात समोरासमोर जुळतात पण एकावर एक ठेवले की अंगठे विरुद्ध दिशांना जातात, तसे उलटे-सुलटे नमुने एकाच दिशेला तोंड करून ठेवले की लहान मुलालाही फरक कळतो. पहिल्या खेपेला दोघे एकाच टेबलावर बसले आणि मुलाने नकळत मेस्त्रींच्या हाताकडे पाहून आपला नमुना केला. म्हणजे पडद्याचीच गोष्ट पुन्हा घडली. त्यानंतर मेस्त्री पॅटर्न शॉपमध्ये आणि मुलगा वरच्या कार्यालयात, अशी व्यवस्था झाली. जुन्या, नेहमीच्या कामांना हे करत नाहीत आणि करण्याची गरजही नाही. मोठ्या, बऱ्याच कोअरच्या कास्टिंगला मुठीएवढा शाडू पुरत नाही; तिथे आतल्या पोकळ्यांचे काय करायचे, हे अजून ठरलेले नाही.

माझ्या शेवटच्या भेटीच्या दिवशी पंपाच्या एका झाकणाचे दोन नमुने टेबलावर होते. उजवे-डावेपणा दोन्ही नमुन्यांत सारखाच होता. पण झाकणाच्या मध्यभागी मेस्त्रींनी अंगठ्याने खोलगट जागा केली होती आणि मुलाने तिथेच तेवढाच उंचवटा केला होता. कागदावर त्या जागी एकात एक दोन चौकोन होते आणि त्या भागाचा छेद, म्हणजे मधून कापल्यावर दिसणारे दृश्य, कुठेही दाखवलेला नव्हता. लुई अल्बर्ट नेकर यांनी 1832 मध्ये स्फटिकांच्या आकृत्यांबद्दल लिहिले होते, की पाहता पाहता त्यांची पुढची बाजू मागे आणि मागची पुढे होते. त्या दोन चौकोनांकडे पाहताना मलाही तो भाग एकदा खोल आणि एकदा उंच दिसत होता. मेस्त्रींना तो पहिल्यापासून खोलच दिसत होता. आपला नमुना हातात धरून त्यांनी मुलाच्या नमुन्याकडे पाहिले आणि म्हणाले, "फोन लाव बाळ त्यांना. छेद मागून घे."

दुपारी ग्राहकाकडून छेद आला. लाकूड अजून कापलेले नव्हते.